बार्शी लाईटची मालगाडी, १:८७ प्रमाणात : वाघिणी अस्सल, इंजिन तडजोडीचे

अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रमागाचे सुटे भाग करणाऱ्या एका छोट्या कार्यशाळेने बार्शी लाईट रेल्वेच्या मालगाडीच्या छोट्या प्रतिकृतीचा चालता संच विक्रीला आणला आहे. एक इंजिन, दोन बंदिस्त वाघिणी (मालाचे डबे), तीन उघड्या वाघिणी, गार्डाचा डबा, लंबवर्तुळाकार रूळ, वेग कमीजास्त करणारा नियंत्रक आणि मराठी पुस्तिका असा हा ऐवज २४,००० रुपयांना मिळतो. सुटी वाघीण हवी असल्यास ती १,६०० रुपयांना देतात. रेल्वेची हुबेहूब छोटी रूपे करणारे कारागीर महाराष्ट्रात मोजकेच आहेत आणि त्यातही सोलापूर जिल्ह्यातल्या रेल्वेमार्गाचे रूप सोलापुरातच घडावे ही घटना नोंद घेण्यासारखी आहे. असे असले तरी परीक्षण करताना जिल्ह्याचे प्रेम बाजूला ठेवणे भाग आहे, कारण खर्च होणारी रक्कम लहान नाही. संचातल्या वाघिणी उत्कृष्ट आहेत, इंजिन मध्यम आहे, रूळ चुकीचे आहेत आणि पुस्तिका पुन्हा लिहिण्याची गरज आहे, असा माझा निष्कर्ष आहे. या रेल्वेचा इतिहास बाजूला ठेवला तर हा निवाडा उलटाही देता येईल, कारण खेळणे म्हणून पाहणाऱ्याला इंजिनच आधी आवडेल. परंतु बार्शी लाईटची खरी करामत तिच्या वाघिणीत होती आणि वाघीण ज्याला साधली त्याला ही रेल्वे समजली, असे म्हणायला हरकत नाही.

ही करामत समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे, म्हणजे आपल्या जुन्या लोकांच्या तोंडची जीआयपी, १८५९ मध्ये आजच्या कुर्डुवाडीपर्यंत आणि १८६० मध्ये सोलापूरपर्यंत आली. कुर्डुवाडीच्या स्टेशनाला त्या वेळी बार्शी रोड असे नाव होते आणि त्या नावातच बार्शीकरांचे दुखणे होते : बार्शी हे या भागातले कापूस, धान्य आणि तेलबियांचे मोठे पेठेचे गाव, पण रेल्वे मात्र तिथून सुमारे ३५ किलोमीटर दूर. बालाघाटाच्या बाजूने उतरणारा माल बार्शीत गोळा व्हायचा आणि तिथून बैलगाड्यांवर लादून बार्शी रोडला न्यावा लागायचा. पावसाळ्यात या काळ्या मातीतल्या रस्त्यावर भरलेल्या गाडीची काय गत होत असेल हे या भागात शेती असलेल्या कोणालाही वेगळे सांगायला नको. जीआयपीच्या मापाची, म्हणजे ५ फूट ६ इंच रुंदीची लोहमार्गाची शाखा बार्शीपर्यंत टाकण्याइतका माल तिथे होता की नाही यावर वाद घालता येईल, पण तेवढा पैसा कोणी टाकायला तयार नव्हते, हे खरे.

इथे एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज अभियंता येतो. १८८२ मध्ये तो जीआयपीच्या नोकरीत भारतात आला आणि पुढे ती नोकरी सोडून स्वस्त, हलक्या रेल्वेच्या कल्पनेमागे लागला. त्याची मांडणी थोडक्यात अशी होती की रेल्वे महाग होते ती जड रुळांमुळे, जड पुलांमुळे आणि मोठ्या भरावांमुळे, आणि हे सगळे जड करावे लागते ते गाडीच्या एकूण वजनासाठी नव्हे, तर एकेका आसावर, म्हणजे चाकांची जोडी जोडणाऱ्या दांड्यावर, येणाऱ्या भारासाठी. मग प्रत्येक आसावरचा भार एका मर्यादेच्या आत बांधून टाकला आणि तो इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत सगळीकडे सारखा ठेवला, तर हलक्या रुळावरूनही भरपूर माल नेता येईल. त्याने ही मर्यादा ५ टन ठरवली. रुळांतले अंतर २ फूट ६ इंच आणि रुळाचे वजन यार्डाला ३० पौंड, म्हणजे मीटरला १५ किलोच्या आसपास. आज मुख्य मार्गांवर मीटरला ६० किलोचा रूळ वापरतात आणि ब्रॉडगेजच्या मालगाडीच्या एका आसावर २० टनांहून जास्त भार चालतो. कॅलथ्रॉपच्या चार आसांच्या वाघिणीचे मालासकट वजन जास्तीत जास्त २० टन भरे. त्याच्या अख्ख्या भरलेल्या वाघिणीचा भार आजच्या मालगाडीचा एकच आस पेलतो, हे लक्षात घेतले म्हणजे ‘लाईट’ या शब्दाचे माप कळते.

भार बांधून टाकला की पुढचा प्रश्न उरतो तो वाघिणीच्या स्वतःच्या वजनाचा. २० टनांतला जितका वाटा वाघीण स्वतः खाईल तितका माल कमी. त्यामुळे कॅलथ्रॉपने लाकडी चौकटी टाळल्या आणि दाबून आकार दिलेल्या पोलादी पत्र्याची सांगाड्याची रचना स्वीकारली, ज्यात पत्रा कमी लागतो आणि मजबुती मात्र टिकते. मालाच्या सगळ्या वाघिणी, उघड्या असोत की बंदिस्त, एकाच मापाच्या सांगाड्यावर, २५ फूट लांब आणि ७ फूट रुंद. अडीच फुटांच्या रुळावर सात फूट रुंदीची वाघीण म्हणजे दोन्ही बाजूंना सव्वादोन-सव्वादोन फूट बाहेर आलेली. त्या काळी हे पाहून अनेकांना ती कलंडेल असेच वाटले असणार. हे डबे लीड्स फोर्ज या कारखान्याने तयार केले आणि भारतात पाठवण्यापूर्वी १८९७ मध्ये लीड्सजवळ न्यूले इथे मुद्दाम टाकलेल्या चाचणीच्या रुळावर ते जाणकारांना चालवून दाखवले गेले. बार्शी लाईट रेल्वे कंपनी १८९५ मध्ये लंडनमध्ये स्थापन झाली होती आणि बार्शी रोड ते बार्शी टाऊन हा मार्ग १८९७ मध्ये सुरू झाला. १८९६-९७ च्या दुष्काळाने सोलापूर जिल्हा होरपळला होता, त्याच सुमारास.

आता संचातली वाघीण हातात घेऊन पाहावी. १:८७ या प्रमाणात २ फूट ६ इंचांचे ८.७६ मिलिमीटर होतात, म्हणून जगभर मिळणारा ९ मिलिमीटरचा रूळ या रेल्वेला जवळजवळ नेमका बसतो. हे प्रमाण निवडण्यात कारागिराची हुशारी आहे. वाघिणीची लांबी व्हर्नियरने मोजली तर ८८ मिलिमीटरला केसभर कमी भरते आणि २५ फुटांना ८७ ने भागले तरी उत्तर तेच येते. रुंदी २४.५ मिलिमीटर, तीही बरोबर. खरी पारख मात्र लांबीरुंदीत नसून सांगाड्यात आहे. बहुतेक स्वस्त मॉडेलांत वाघिणीचा खालचा भाग प्लास्टिकच्या एका जाड लादीवर भागवतात, कारण वरून तो दिसत नाही. इथे मात्र पितळी पत्रा आम्लाने कोरून, कडा दुमडून सांगाडा उभा केला आहे, आणि मूळ वाघिणीच्या लांब पट्ट्या जशा मध्यभागी खोल आणि टोकांना निमुळत्या होत जातात, तसाच हाही होतो. पत्रा दाबून त्याला ताकद देण्याची जी युक्ती लीड्समध्ये वापरली गेली, तीच युक्ती लहान प्रमाणात इथे कामी आली आहे, आणि त्यामुळे वाघीण हलकी असूनही पिळली जात नाही. यंत्रमागाच्या भागांसाठी पातळ पत्र्याचे बारीक काम रोज करणाऱ्या हातांचा हा परिणाम आहे, हे उघड आहे. बोगींच्या, म्हणजे वाघिणीखाली चाके धरणाऱ्या सांगाड्यांच्या, बाजूच्या चौकटीही अशाच दुमडलेल्या आहेत आणि चाकांचे आस टोकदार असल्याने वाघीण बोटाने ढकलली तरी बराच वेळ गडगडत राहते.

उघड्या वाघिणींबरोबर दोन प्रकारचा माल देतात : आवळून बांधलेल्या कापसाच्या गाठी आणि धान्याची पोती. गाठी खऱ्या सुताच्या आहेत, त्यांच्या पट्ट्याही वेगळ्या दिसतात, आणि त्यांचा आकार वाघिणीच्या रुंदीत नेमका बसतो. पोती मात्र साच्यातून काढलेली, सगळी एकाच घडणीची. बाजार समितीच्या आवारात एकदा तरी थप्पी पाहिलेल्या माणसाला ती खटकतील, कारण भरलेले पोते कधी दुसऱ्यासारखे पडत नाही. भुईमूग, करडई, पेंड, गूळ असा माल या मार्गाच्या आसपासच्या पेठांत पिढ्यान्‌पिढ्या विकला गेला आहे, तेव्हा निदान गुळाच्या ढेपा तरी पुढच्या आवृत्तीत याव्यात. बंदिस्त वाघिणीचे सरकते दार खरोखर सरकते. ते न सरकते तरी माझी तक्रार नव्हती, पण सरकते म्हणून आनंद झाला.

इंजिनाची गोष्ट वेगळी आहे. बार्शी लाईटची पहिली इंजिने लीड्सच्या किटसन कारखान्याने बनवली होती. त्यांची चाकरचना ०-८-४ होती : पुढे मोकळी चाके नाहीत, मग एकमेकांना दांड्यांनी जोडलेली आठ चाके, म्हणजे चार आस, आणि मागे भार पेलणारी चार मोकळी चाके. पाणी आणि कोळसा इंजिनाच्या अंगावरच, त्यामुळे वेगळे टेंडर ओढायला नको. आठ चाके जोडण्यामागचा हिशेब पुन्हा तोच पाच टनांचा आहे. इंजिनाची ओढ त्याच्या चालत्या चाकांवर पडणाऱ्या वजनावर ठरते, आणि एका आसावर पाचच टन घालायचे बंधन असेल तर ओढ वाढवण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे चालते आस वाढवणे. तीन आसांत पंधरा टन, चार आसांत वीस. त्यामुळे चौथी जोडी हा या इंजिनाचा अलंकार नसून त्याच्या असण्याचेच कारण आहे.

संचातल्या इंजिनात नेमकी हीच जोडी खोटी आहे. आत बसवलेली मोटर आणि दात्यांची पेटी बाहेरून आणलेली, तीन चालत्या आसांची आहे. तिच्यावर चार आसांचे कवच चढवले असून चौथी चाकजोडी नुसती रुळावर टेकून फिरते. तिला चाक रुळावर धरून ठेवणाऱ्या कडाही नाहीत, वळणावर ती रुळाच्या बाहेर लोंबते आणि बाजूने पाहणाऱ्याला ते लगेच दिसते. इतक्या लहान मापात, इतक्या तीव्र वळणांवर आठ जोडचाके चालवणे कठीण असते ही सबब मान्य आहे, आणि मधल्या चाकांच्या कडा काढून टाकण्याची पद्धत मॉडेलांच्या जगात जुनी आहे. तरी चौथा आस चालता ठेवून मधल्या एका जोडीच्या कडा काढल्या असत्या तर तत्त्व राखले गेले असते. तीनच आसांवर ओढ असल्याने पाच भरलेल्या वाघिणी आणि गार्डाचा डबा घेऊन हे इंजिन सपाटीवर व्यवस्थित जाते, पण रुळाखाली एका बाजूला जाड पुठ्ठा घालून थोडा चढ केला की चाके जागीच फिरू लागतात. ज्या इंजिनाचा आराखडाच हा प्रसंग टाळण्यासाठी झाला होता, त्याच्या प्रतिकृतीने याच कारणासाठी अडावे, हे मनाला लागते. कवचाचे काम सुबक आहे, धुराडे आणि वाफेचा घुमट प्रमाणात आहेत, चालकाच्या खोलीतल्या नळ्याही दाखवल्या आहेत. पण हे सगळे वरचे सजवणे झाले.

रुळांबद्दल थोडे तांत्रिक लिहिणे आवश्यक आहे. संचाबरोबर येणारा रूळ बाजारात तयार मिळणारा असून त्याची उंची २ मिलिमीटर आहे. त्याला ८७ ने गुणले तर १७४ मिलिमीटर होतात. आज मेल-एक्स्प्रेस ज्यावरून धावतात तो मीटरला ६० किलोचा रूळ १७२ मिलिमीटर उंच असतो. म्हणजे हलक्या रेल्वेची ही प्रतिकृती मुख्य मार्गाच्या रुळापेक्षाही उंच रुळावर धावते. यार्डाला ३० पौंडांचा रूळ तीन इंचांच्या आसपास उंच असतो, त्या हिशेबाने इथे मिलिमीटरभर उंचीचा रूळ हवा होता. असा पातळ रूळ मिळतो, फक्त महाग पडतो आणि चाकांच्या कडाही त्यासाठी बारीक कराव्या लागतात. ज्यांना संच काचेच्या कपाटात ठेवायचा आहे त्यांनी निदान एक हातभर तरी असा रूळ स्वतः मिळवून त्यावर वाघिणी उभ्या कराव्यात. त्या रुळावर २५ फुटांची वाघीण ठेवली की पाहणाऱ्याच्या मनात जो प्रश्न उभा राहतो, हे एवढेसे लोखंड एवढा माल कसा पेलते, तोच प्रश्न कॅलथ्रॉपने सोडवला होता. जाड रुळावर ठेवल्यास तो प्रश्नच पडत नाही.

पुस्तिका चकचकीत कागदावर छापलेली आहे आणि तिच्यावर बराच खर्च झालेला दिसतो. मजकुराकडे मात्र तेवढे लक्ष दिलेले नाही. पहिल्याच पानावर ‘१८९७ मध्ये मिरज ते लातूर ही रेल्वे सुरू झाली’ असे वाक्य आहे, जे साफ चुकीचे आहे. १८९७ मध्ये सुरू झाला तो फक्त बार्शी रोड ते बार्शी टाऊन हा सुमारे २१ मैलांचा तुकडा. १९०६ मध्ये कुर्डुवाडीहून दक्षिणेला पंढरपूरपर्यंत शाखा गेली, आणि तिने मालाइतकेच वारकरी वाहिले. १९०७ मध्ये बार्शीपासून पुढे तडवळ्यापर्यंत, आणि १९११ मध्ये निजामाच्या हद्दीत लातूरपर्यंत मार्ग वाढला. लातूरच्या बाजारपेठेची वाढ आणि तिथे १९१७ मध्ये उभी राहिलेली गंजगोलाई यांच्याकडे पाहताना या मार्गाची तारीख विसरून चालत नाही. पंढरपूर ते मिरज हा सर्वांत लांब टप्पा थेट १९२७ मध्ये झाला, आणि मग एकूण लांबी २०२ मैल, म्हणजे ३२५ किलोमीटर झाली. कॅलथ्रॉपचे निधन त्याच वर्षी झाले. तीस वर्षांत तुकड्यातुकड्याने वाढलेली ही रेल्वे आहे, आणि ती ज्या क्रमाने वाढली त्यात तिचे अर्थकारण दडलेले आहे : आधी एक पेठ, मग एक तीर्थक्षेत्र, मग दुसऱ्या राज्यातली पेठ आणि शेवटी पश्चिमेकडच्या रेल्वेजाळ्याशी गाठ. हा क्रम एका वाक्यात गुंडाळून टाकल्याने पुस्तिकेचा पायाच गेला आहे.

कॅलथ्रॉपने पुढे विमानातून उडी मारणाऱ्यांसाठी ‘गार्डियन एंजल’ नावाचे पॅराशूट तयार केले, ही माहिती पुस्तिकेत पान भरून आहे. माहिती खरी आहे आणि मनोरंजकही आहे, पण मालगाडीच्या संचात तिला पानभर जागा आणि कुर्डुवाडीच्या माल बदलण्याच्या कामाला एक ओळही नाही, हे प्रमाण मला पटले नाही.

कारण बार्शी लाईटचा दुबळा सांधा होता तो कुर्डुवाडीतच. एका बाजूला अडीच फुटी रूळ, दुसऱ्या बाजूला साडेपाच फुटी, आणि मधल्या जागेत माणसे. बार्शी किंवा लातूरहून आलेले प्रत्येक पोते लहान वाघिणीतून काढून मोठ्या वाघिणीत चढवावे लागे आणि मुंबईकडून येणाऱ्या मालाची वाट याच्या उलट. मार्ग स्वस्तात बांधल्याने जे वाचले त्यातला काही भाग इथे हमालीत, वेळेत आणि सांडलवंडीत जात राहिला. लहान मापाच्या प्रत्येक रेल्वेला हा कर द्यावाच लागतो, आणि कॅलथ्रॉपला त्याची जाणीव नव्हती असे अजिबात नाही. इंग्लंडमध्ये त्याच्याच आराखड्याने १९०४ मध्ये सुरू झालेल्या लीक अँड मॅनिफोल्ड या अडीच फुटी रेल्वेवर त्याने मोठ्या मापाची अख्खी वाघीण आपल्या पाठीवर घेऊन जाणाऱ्या खास गाड्या वापरल्या, म्हणजे माल उतरवण्याचा प्रश्नच उरू नये. ती रेल्वे १९३४ मध्ये बंद पडली. बार्शीची मात्र हमालांच्या पाठीवर चालत राहिली. इतिहास लिहिताना अभियंत्याचे नाव घ्यावे हे योग्यच आहे, परंतु १८९७ पासून या मार्गावर हललेला बहुतेक माल कुर्डुवाडीत कोणी ना कोणी खांद्यावर घेतला होता, हेही त्याच पानावर यायला हवे.

कंपनीची मालकी १९५४ पर्यंत टिकली. त्या वर्षी सरकारने ती विकत घेतली आणि हा मार्ग मध्य रेल्वेत आला. त्यानंतरही रुळाचे माप पाच दशके तेच राहिले. एकविसाव्या शतकात मात्र टप्प्याटप्प्याने सगळा मार्ग ब्रॉडगेज झाला. कुर्डुवाडी ते लातूर हे काम २००८ मध्ये पूर्ण झाले आणि त्यात जुनी वाट थोडी सोडून मार्ग उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, लावून नेला. पंढरपूर-मिरज टप्पा त्यामागोमाग झाला. पुस्तिका हा भाग ‘प्रगती’ म्हणून दोन ओळींत संपवते. प्रगती झालीच, पण माप बदलल्यामुळे नेमके काय बदलले हे सांगायला तिच्या हाताशी एक उत्तम उदाहरण होते. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला प्यायला पाणी नव्हते, तेव्हा मिरजेहून पाण्याची रेल्वे सोडण्यात आली. पहिल्या खेपेत दहा टाक्यांतून सुमारे ५ लाख लिटर पाणी गेले आणि नंतर पन्नास टाक्यांच्या गाड्या धावू लागल्या. तिची वाट मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर अशी होती, म्हणजे बार्शी लाईटचाच मार्ग, या टोकापासून त्या टोकापर्यंत. एकेका टाकीत सुमारे ५० टन पाणी होते. कॅलथ्रॉपच्या वाघिणीचे वाघिणीसकट, भरून, वीस टन होत होते, आणि टाकी ओतण्यासाठी कुर्डुवाडीत थांबण्याचा प्रश्नच नव्हता. २०१६ मध्ये हा मार्ग अडीच फुटीच असता तर लातूरला पाणी याच वाटेने किती पोचले असते, याचा हिशेब पुस्तिकेच्या वाचकाने स्वतः करावा असा आहे.

वापराबद्दल काही व्यावहारिक गोष्टी. इंजिनाचे छत आणि वाघिणींची छते रेझिनची, छपाई यंत्रातून काढलेली आहेत, आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या छताखालच्या खोलीत ठेवली तर ती मधोमध वाकतात. एप्रिल-मेमध्ये संच आतल्या, थंड भिंतीच्या बाजूला ठेवावा. वाकलेले छत कोमट पाण्यात बुडवून सपाट काचेवर दाबून ठेवले की बहुतांशी सरळ होते. धूळ हा दुसरा शत्रू आहे. रुळावर धुळीचा पातळ थर बसला तरी वीज चाकांपर्यंत पोचत नाही आणि इंजिन झटके देते, म्हणून चालवण्यापूर्वी रुळावरून स्पिरिटचा बोळा फिरवण्याची सवय लावून घ्यावी. डबे जोडणारे आकडे तयार मिळणारेच वापरले आहेत, ते प्रमाणापेक्षा फार मोठे असून दोन वाघिणींमध्ये बोटभर फट पाडतात. नियंत्रक चांगला आहे, वेग अगदी हळू करता येतो, आणि मालगाडी हळूच शोभते. पुठ्ठ्याची पेटी कमकुवत आहे, वाघिणी ठेवण्यासाठी फोमचे खण असलेली वेगळी पेटी घ्यावी. कार्यशाळेची सेवा नीट आहे. सुटी चाके आणि बोगी मागितल्यावर त्या वेगळ्या मिळतात आणि फोनवर शंकांना सरळ उत्तरे मिळतात.

पुढच्या आवृत्तीसाठी सूचना करायची तर कार्यशाळेने नव्या इंजिनापेक्षा आधी एक फलाट करावा : एका बाजूला ९ मिलिमीटरचा रूळ, दुसऱ्या बाजूला मोठा रूळ, आणि मध्ये पोती, वजनकाटा, हमाल. १:८७ मध्ये साडेपाच फुटांचे १९.३ मिलिमीटर होतात. बाजारात मिळणारा १६.५ मिलिमीटरचा रूळ तिथे चालणार नाही, तो हाताने जुळवावा लागेल, पण फक्त फलाटापुरता लागणार असल्याने हे काम आवाक्यातले आहे. त्यानंतर इंजिन दुरुस्त करावे, आणि जमल्यास पुढच्या काळात या मार्गावर आलेल्या, टेंडर ओढणाऱ्या २-८-२ इंजिनांपैकी एक करावे, कारण टेंडरमध्ये मोटरीला जागा मिळते आणि मग चारही चालते आस खरे ठेवता येतात.

तोपर्यंत पूर्ण संच घेण्याची घाई करू नये, असे मी सुचवीन. तीन उघड्या आणि दोन बंदिस्त वाघिणी सुट्या घेतल्या तर ८,००० रुपये होतात, आणि संचातले जे उत्तम आहे ते सगळे त्यात येते. वाघिणी मागवताना कापसाच्या गाठींचाच माल मागावा आणि पोती नकोत असे स्पष्ट सांगावे. पोत्यांऐवजी गाठींची जादा जोडी ते त्याच किमतीत देतात.